लढाई लाव

आमच्या घरात लढाई बहुतेक संध्याकाळी सहा-साडेसहाला लागायची. बाबा ऑफिसातून येत, बूट काढत, मोजे बुटांत कोंबत, बाहेरच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवरचं मरून सॅटिनचं आवरण स्वतःच्या हाताने उचलून त्याची नीट घडी घालत आणि मला म्हणत, "मने, लढाई लाव." आवाज अगदी शांत. पंखा लाव, देवापाशी दिवा लाव, तसा. मग मी खुर्चीत बसायचे, मशीन सुरू करायचे, आणि बंदुकीचा पहिला बार झाला की स्वयंपाकघराचं दार आतून बंद व्हायचं. आत आई असायची, आणि बाबांच्या हातात त्यांच्या ऑफिसातला लाकडी गोल रूळ.

मयूर विहारातली आमची सोसायटी सगळी दिल्लीत नोकरी करणाऱ्या मराठी लोकांची. तिसऱ्या मजल्यावरचा आमचा फ्लॅट, आणि भिंती अशा, की समोरच्या लेलेकाकूंच्या कुकरच्या शिट्ट्या मोजून आई आपला गॅस बंद करायची. कुणाकडे कांद्याची फोडणी पडली, कुणाच्या मुलाला गणितात किती मिळाले, कुणाची सासू नागपूरहून आली आणि कधी जाणार, हे सगळं जिन्यातच कळायचं. बाबा या सोसायटीचे अध्यक्ष. शिवाय गणेशोत्सवाचे अध्यक्ष, आणि दर संक्रांतीला पानिपतला जी बस जायची तिचेही अध्यक्ष. बसला अध्यक्ष कशाला लागतो, हा प्रश्न मी एकदाच विचारला होता. ते एका मंत्रालयात मधल्या फळीतले अधिकारी होते. बोलताना मात्र वाटायचं की मंत्रालय त्यांच्यात आहे. "अच्छा", "बिल्कुल" हे शब्द घरात चालत नसत. मार मराठीतच मिळायचा.

कॉम्प्युटर आला तो माझ्या शिक्षणासाठी, असं जाहीर झालं. सोसायटीत तो पहिलाच. त्याची पूजा झाली, नारळ फुटला, नारळाचं पाणी की-बोर्डवर सांडलं आणि पुढे कायम 'त' आणि 'य' ची बटणं चिकट राहिली. आईने शेवयांची खीर केली होती. मंडळी खीर खात टाचा उंचावून पडद्याकडे बघत होती आणि बाबा एका काळ्या पडद्यावर लुकलुकणाऱ्या रेघेकडे बोट दाखवून एकविसाव्या शतकाबद्दल बोलत होते. नेहरू प्लेसच्या दुकानदाराने त्यांना साउंड कार्ड आणि दोन स्पीकर सोबत घ्यायला लावले होते. का घेतले ते बाबांना सांगता आलं नाही. त्यामुळे त्यांनी ते अधिकच ठासून सांगितलं.

खेळ मला कॉलेजातल्या मैत्रिणीने फ्लॉपींवर दिला. तळघरासारखे बोळ, हातात एक बंदूक, आणि कोपऱ्याकोपऱ्यातून अंगावर येणारे राक्षस. गोळी लागली की ते घशातून ओरडत मरत. एका रविवारी मी तो खेळत होते आणि आत आईच्या हातून आमटीत मीठ जास्त पडलं होतं. दुसऱ्या दिवशी जिन्यात लेलेकाका बाबांना म्हणाले, "काल तुमच्याकडे फार जोरात खेळ चालला होता हो, अध्यक्ष." बाबा हसले. त्या संध्याकाळी त्यांना कॉम्प्युटरचा खरा उपयोग सापडला होता. टीव्ही का चालला नसता, असं कुणी विचारेल. टीव्हीवर त्या वेळी बातम्या असत, आणि बातम्यांत कुणी एवढं किंचाळत नसे, निदान तेव्हा तरी.

तेव्हापासून ते काम माझ्याकडे आलं आणि मी ते चांगलं करायला शिकले. हे मला सगळ्यात आधी लिहायला हवं होतं, पण हात तिथे वळत नव्हता. कुठल्या बोळात एकावेळी आठ-दहा राक्षस सापडतात ते मला पाठ होतं. मध्येच मेलं की खेळ थांबतो, शांतता होते, म्हणून मी अमर होण्याची अक्षरं शिकून घेतली. ती टाइप केली की तुम्हाला काही लागत नाही. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यातला चेहरा सोनेरी डोळ्यांनी बघत राहतो. स्पीकर मी बाबांच्या सांगण्यावरून टेबलावरून खाली फरशीवर ठेवले होते, कारण तसे ते जास्त घुमत. आणि या सगळ्यातूनही मला आतलं ऐकू यायचं. रूळ पाठीवर बसला की धप्प, कोपरावर बसला की टक्. एकदा कानशिलावर बसला आणि कुठलाच आवाज आला नाही. भांड्यांची मांडणी तेवढी कोसळली. दिल्लीच्या मे महिन्यात आई पूर्ण बाह्यांचं ब्लाउज घालायची. लेलेकाकू कौतुकाने म्हणायच्या, "तुमची राहणी बाई जुन्या वळणाची."

आई मार खाताना एरवी हूं की चूं करायची नाही. सोसायटीत नाव जाईल, याची काळजी बाबांइतकीच तिलाही होती. पण लढाई लागली की ती ओरडायची. तिलाही त्या आवाजाचा आडोसा झाला होता. राक्षस मरताना ओरडे आणि त्याच्या आवाजात आई आपला आवाज मिसळून टाकायची. मी बटण दाबत राहायचे. कधीकधी मी मुद्दाम बंदूक चालवायची थांबायचे, राक्षसांना माझ्यावर चालून येऊ द्यायचे, म्हणजे गलका जास्त होई.

खाली दुसऱ्या मजल्यावर कांबळेकाकू राहत. माणसं मूळची नागपूरची. काका लेखापरीक्षण खात्यात, काकू घरी. उंच, भरल्या अंगाच्या, आणि जिन्यातून चढताना वाटेत भेटेल त्याला "काय म्हणता?" विचारून उत्तर मिळेपर्यंत न सोडणाऱ्या. फरशीवरचे आमचे स्पीकर म्हणजे त्यांच्या बरोबर डोक्यावर. त्या झाडूचा दांडा छताला आपटायच्या. ठक, ठक, ठक. तीन वेळा. आठ महिने हे चाललं. जिन्यात मला अडवून म्हणायच्या, "पोरी, तुझ्या त्या मारामारीने माझं डोकं उठतं. अभ्यास कर की जरा." मी मान खाली घालायचे. एका संध्याकाळी खालून ठकठक झाली तेव्हा बाबा दार उघडून बाहेर आले, कपाळावरचा घाम पुसला आणि प्रसन्न हसून मला म्हणाले, "बघ. खालची तुलाच शिव्या देतेय."

त्या हसण्यानंतर माझ्या मनात जे बसलं त्याला मी तेव्हा नाव दिलं नाही. पण आठवडाभरातच मशीन खरोखर बिघडलं, आणि नेहरू प्लेसहून चड्ढाजी नावाचे दुरुस्तीवाले आले. जाड भिंगांचा चष्मा, खिशात चार स्क्रू ड्रायव्हर. त्यांनी डबा उघडला, हिरवी कार्डं बाहेर काढली, कार्डांच्या कडेच्या सोनेरी दातांवर शाळेचा खोडरबर घासला. मी शेजारी बसून सगळं विचारत होते आणि ते खूष होऊन सांगत होते. साउंड कार्ड आणि प्रिंटर एकाच नंबरावर बसले होते, म्हणून अडत होतं. त्यांनी एकाला सातवरून पाचावर हलवलं. मग कार्डाच्या कडेला मोहरीहून जरा मोठ्या दोन काळ्या प्लास्टिकच्या टोप्या दाखवल्या. "ये देखो बेटा, लेफ्ट और राइट. ये दो निकल जाएँ ना, तो मशीन बोलेगी सब ठीक है, टेस्ट भी पास कर देगी. बस सुनाई कुछ नहीं देगा. बड़े-बड़े इंजीनियर पकड़ नहीं पाते." आईने त्यांना थालीपीठ आणि लोणी दिलं. ते खात त्यांनी आईच्या मनगटाकडे एकदा बघितलं आणि चष्मा पुसू लागले. जाताना डब्याचे स्क्रू त्यांनी लावले नाहीत, माझ्या हातात दिले. "रख लो. बार-बार खोलना पड़ेगा."

हे लिहिताना तो डबा माझ्यासमोर, जेवणाच्या टेबलावर आहे. घर तेच, फक्त आता खिडकीबाहेरून मेट्रो जाते. मी पन्नाशीला टेकले आहे आणि नोकरी आयुष्यभर कॉम्प्युटर दुरुस्त करण्याचीच केली. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली, माळा आवरायला घेतला आणि त्यात हा सापडला, अजून मरून सॅटिनमध्येच गुंडाळलेला, शेजारी मॉनिटर आणि तेच दोन स्पीकर. हल्ली अशा जुन्या मशीनचे शौकीन आहेत. ते आपसात कार्डांचे फोटो पाठवतात आणि त्यांच्या बालपणाबद्दल हळवे होतात. मी हळवी नव्हते. मला फक्त ते चालू होतंय का ते बघायचं होतं. सुरू केलं तर पडद्यावर लाल-हिरव्या उभ्या पट्ट्या. चित्राचं कार्ड काढून बघितलं, तर त्याच्या खाचांतल्या मेमरीच्या चिपा एका बाजूने वर उचललेल्या. जुन्या कार्डांच्या चिपा उष्णतेने हळूहळू वर सरकतात हे खरं, पण सगळ्या एकाच बाजूने सरकत नाहीत. ते बाबांच्या उजव्या हाताचं काम होतं, आणि कुठल्या दिवसाचं तेही मला ठाऊक होतं.

त्या संक्रांतीला पानिपतात धुकं फार होतं. मोकळं मैदान, सतरंज्या, भाड्याचा लाउडस्पीकर, थरमासातला चहा आणि बसभर मराठी माणसं. दरवर्षी त्या दिवशी, त्या जागी हरलेल्या लढाईची आठवण काढायची आणि मग तिळगूळ वाटायचा, असा आमचा रिवाज. बाबांचं भाषण म्हणजे त्या दिवसाचा कळस. त्यांच्या भाषणात दरवर्षी आपण थोडं थोडं कमी हरायचो; आणखी काही वर्षं मिळती तर जिंकलोही असतो. त्या दिवशी ते म्हणाले, "आणि ते वीर, पोटभर जेवून, मुखी विडा, हसत हसत रणांगणाकडे निघाले..." आई शेजारीच तिळाच्या लाडवांचं ताट घेऊन उभी होती. ती लग्नाआधी इतिहास शिकली होती. ती अगदी हळू, स्वतःशी बोलावं तसं म्हणाली, "उपाशी होते हो ते."

माइक तिच्या खांद्यापासून वीतभर अंतरावर होता. चार भोंग्यांतून मैदानभर आईचा आवाज गेला. उपाशी होते हो ते. क्षणभर कुणाला कळेना, मग मागून कुणीतरी फस्सकन हसलं, आणि मग सगळेच. लेलेकाका तर डोळे पुसत होते. बाबांनी कागदाची घडी घातली आणि मोठ्या मनाने म्हणाले, "बिल्कुल बरोबर. आमच्या सौभाग्यवती विदुषी आहेत." टाळ्या पडल्या. घरात न चालणारा तो "बिल्कुल" त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला.

परतीच्या बसमध्ये त्यांनी स्वतःच्या हाताने सगळ्यांना गुळपोळ्या वाढल्या. तुपाची वाटी घेऊन ते सीटासीटांमधून हेलकावे खात हिंडत होते. आईला दोन वाढल्या. "खा, उपाशी राहू नकोस," म्हणाले, आणि बस पुन्हा हसली. आईने दोन्ही पोळ्या खाल्ल्या. घास गिळताना तिच्या गळ्याची शीर हलताना मला दिसत होती.

सोसायटीच्या फाटकाशी बस लागली तेव्हा उन्हं अजून पाण्याच्या टाकीवर होती. बाबा खाली सतरंज्या मोजून घेत, लोकांचे निरोप घेत उभे राहिले. आई डबे गोळा करत होती. किल्ली माझ्याकडे. मी तीन मजले धावत चढले, दार उघडलं, डब्याचं झाकण ओढलं. स्क्रू नव्हतेच. दोन काळ्या टोप्या नखांनी उपटल्या. झाकण बसवून वर आवरण घालेपर्यंत जिन्यात बाबांचा आवाज आला. टोप्या कुठे टाकायच्या ते सुचेना. स्वयंपाकघरात मिसळणाचा डबा ओट्यावर होता, त्यातल्या मोहरीच्या वाटीत बोटाने खोल ढकलून दिल्या आणि बाहेर येऊन उभी राहिले. माझा हिशेब साधा होता: आवाज नसेल तर लढाई नाही, आणि लढाई नसेल तर दार बंद होणार नाही.

बाबांनी बूट काढले. मोजे बुटांत कोंबले. आवरणाची घडी घातली. "मने, लढाई लाव."

लावली. पडद्यावर बोळ आला, बंदूक आली. मी गोळी झाडली, राक्षस तोंड वासून मेला, आणि खोलीत फक्त मशीनच्या आतल्या पंख्याची घरघर.

"आवाज?"

"येत नाहीये, बाबा."

"का?"

"बघते."

त्यांनी मॉनिटरला दोन थपडा मारल्या, जशा तेव्हा सगळी दिल्ली आपापल्या टीव्हीला मारायची. मग डब्याला उजव्या हाताने चार, पूर्ण ताकदीने. चित्र फाटलं, लाल-हिरव्या पट्ट्या आल्या, परत सरळ झालं. आवाज आला नाही. "दुरुस्त कर," ते म्हणाले, आणि रूळ मांडीवर आडवा ठेवून, न्हाव्याकडे आपला नंबर यायची वाट बघत बसावं तसे सोफ्यावर बसले. मी डबा उघडला. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, अजून पानिपतची जरीची साडी नेसलेली.

"किती वेळ लागेल?" बाबांनी विचारलं.

"माहीत नाही."

आई म्हणाली, "चहा टाकू का तोवर?"

"अर्धाच."

आणि तिने टाकला. आलं किसल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. मी कार्ड काढलं, खोडरबराने घासलं, दुसऱ्या खाचेत बसवलं. नंबर बदलले, सातचा पाच, पाचाचा परत सात. टेस्ट चालवली, पडद्यावर सगळं ठीक असल्याचं आलं. बाबा वाचत होते. "सगळं ठीक म्हणतंय की." "हो. पण ऐकू येत नाही." त्यांनी बशीत ओतून चहा संपवला, कप-बशी कठड्यावर नीट ठेवली, बाल्कनीचं दार लावलं, दोन्ही खिडक्या लावल्या. मग म्हणाले, "असू दे." आणि उठले.

माझा हिशेब कसा चुकला ते मला तेव्हा कळलं. आत रूळ बसला. धप्प. आईचा आवाज आला नाही. पुन्हा, आणि पुन्हा. आडोसा नव्हता, म्हणून तिने पदर तोंडात कोंबला होता. मी आठ महिन्यांनी तिचा आडोसा काढून घेतला होता, आणि तिने स्वतःच दुसरा केला होता. खाली काही ऐकू जायचं कारणच नव्हतं. मी मोजत होते. नववा टक् होता, हाडावरचा. मी दार ढकललं. ओट्याखाली आई बसलेली, एक हात डोक्यावर, तोंडात जरीचा पदर, डोळे माझ्याकडे आणि मान 'जा' म्हणून हलत होती.

"बाबा, आवाज मी घालवलाय," मी म्हणाले. "आता तो येणार नाही."

ते वळले. "काय केलंस?"

"घालवलाय. पुन्हा लावणार नाही मी लढाई."

मी मागे मागे सरकत कॉम्प्युटरपाशी आले होते. तोल सांभाळायला डावा हात उघड्या डब्याच्या पत्र्यावर टेकला होता. त्यांनी तो बघितला आणि रूळ त्यावर आणला. वाळकी शेवग्याची शेंग मोडावी तसं वाजलं. माझ्या तोंडून आवाज निघालाच नाही, श्वासच सापडेना. करंगळी आणि शेजारचं बोट भलत्याच दिशेला बघत होती. त्यांनी रूळ परत उचलला आणि तेवढ्यात आई ओरडली. आठ महिने मी तिचं ओरडणं ऐकलं होतं, पण हे ते नव्हतं. पदर थुंकून, उभी राहून, सगळ्या अंगाने. बंद खिडक्यांची तावदानं थरथरली. तिने बाबांच्या पाठीवर बत्ता मारला. नंतर ती म्हणायची की तिला तो हातात घेतल्याचं आठवत नाही. बाबांनी तिला झिंज्यांना धरून भिंतीवर आपटलं, आणि ती ओरडतच राहिली.

खालून ठकठक झाली. सवयीने. ठक, ठक. तिसरी आलीच नाही.

मग जिन्यात पावलं वाजली. काकू वजनदार होत्या, त्या आल्या की जिन्याला कळायचं. दारावर झाडूचाच दांडा बसला. "दार उघडा, अध्यक्ष."

बाबा हात मागे घेऊन, केस सारखे करून म्हणाले, "काही नाही. मुलीचा खेळ चाललाय."

"खेळ बंद आहे," बाहेरून काकू म्हणाल्या. "मला गोळ्या ऐकू नाही येत आहेत. दार उघडा."

दार मी उघडलं, उजव्या हाताने. काकूंनी माझा डावा हात बघितला, माझ्या मागे आईचं कपाळ बघितलं, आणि त्या हातातल्या झाडूसकट आत येऊन खोलीच्या मधोमध उभ्या राहिल्या. बाबा सभेत बोलत तसे म्हणाले, "कांबळेवहिनी, हा आमचा घरगुती प्रश्न आहे." काकू म्हणाल्या, "घरगुती असता तर माझ्या छतातून खाली आला नसता." मग आईला म्हणाल्या, "चला ताई. पायात काही घालू नका, चला." समोर लेल्यांचं दार चार बोटं उघडं होतं. आम्ही जिन्याकडे वळलो तसं ते लागलं.

हाड बसवून, हात गळ्यात अडकवून आणल्यावर काकूंनी मला पाटवडीचा रस्सा आणि भात आपल्या हाताने भरवला. झणझणीत होता, नाकातून पाणी येत होतं, त्यामुळे बाकीचं पाणी त्यात खपून गेलं. भरवता भरवता त्याच रडायला लागल्या. "आठ महिने मी खालून दांडा आपटत होते गं. मला वाटायचं, पोरगी खेळतेय." आईच्या कपाळाला सात टाके होते. तिने काकूंचा हात धरला आणि त्यांची समजूत काढली. "तुम्हाला कसं कळणार, वहिनी? आवाजच केवढा असायचा. कुणालाच कळणं शक्य नव्हतं." पुढची सगळी वर्षं आई हेच म्हणत आली. सोसायटीतल्या कुणाचं काही निघालं, की एवढंच म्हणायची: चांगली माणसं आहेत, त्यांना बिचाऱ्यांना कळणार कसं.

चार दिवसांनी आम्ही वर परत गेलो. त्या काळात आणि त्या सोसायटीत दुसरं काही सुचलं असतं तर बरं झालं असतं, सुचलं नाही. पण काकूंनी एक नियम घातला. रोज संध्याकाळी साडेसहाला त्या झाडूचा दांडा छताला एकदा आपटायच्या, आणि आईने बत्त्याने फरशीवर एकदा उत्तर द्यायचं. उत्तर आलं नाही तर काकू वर येणार. पहिल्या महिन्यात त्या दोनदा आल्या, दुसऱ्यांदा तर काकांना आणि त्यांच्या दोन भावांना घेऊन. नंतर यायची वेळ आली नाही. बाबा बदलले असं मी लिहिणार नाही. आपलं ऐकू जातं एवढं त्यांना समजलं. ठक वाजली की ते वर्तमानपत्र तोंडासमोर धरायचे. आई पुढे पहाडगंजला एका शाळेत इतिहास शिकवायला लागली आणि सुट्टीच्या दिवशीही साडेसहाच्या आत घरी यायची, उत्तर द्यायला. काका निवृत्त होऊन दोघं नागपूरला परत गेली त्या दिवसापर्यंत हे चाललं. बाबा अध्यक्ष राहिलेच. सोसायटीने त्यांना त्यानंतरही चार वेळा बिनविरोध निवडून दिलं.

तर, गेल्या रविवारी मी अंगठ्याने चिपा एकेक करून दाबल्या. कट्, कट्, कट्. पट्ट्या गेल्या, चित्र लख्ख आलं. तो बोळ, ती बंदूक. आवाज अर्थातच नाही. तसल्या टोप्या आता कुठल्याही भंगार कार्डावरून मिळतात. मी एका पेटीत शोधत होते, करंगळी वळत नसल्यामुळे जरा वेंधळेपणाने. आई समोर वाटाणे सोलत होती. ऐंशीच्या आसपास आहे, ऐकू नीट येतं.

"काय शोधतेयस?"

"काळ्या टोप्या असतात, बारीक. दोन."

ती वाटाणे बाजूला ठेवून उठली. आतून कुंकवाची जुनी चांदीची डबी घेऊन आली, टेबलावर ठेवली. आत, रिकाम्या तळाशी, दोन टोप्या होत्या. कडांना हळदीचा पिवळा डाग.

"मोहरीत सापडल्या होत्या," ती म्हणाली. "फोडणीत जाणार होत्या."

"तुला माहीत होतं, काय आहेत ते?"

"तू त्या दिवशी डबा उघडून काय करत होतीस, ते दारात उभी राहून बघत होते की मी. कार्डावरच्या टोप्यांखालचे काटे उघडे दिसत होते." ती खाली बसली. "लाव. बघू."

मी टोप्या बसवल्या. खेळ सुरू केला. पहिला बार झाला, एक राक्षस घशातून ओरडत मेला. मग दुसरा. मी सवयीने त्या बोळात गेले, जिथे एकदम दहा येतात. दहाही आले. आई हात मांडीवर ठेवून ऐकत होती. वाटाण्याची एक शेंग तिच्या बोटांत अर्धी उघडलेली तशीच राहिली.

"एवढाच होता होय आवाज?" ती म्हणाली.

मी गोळ्या झाडत राहिले.

"याच्यातून तर सगळंच ऐकू जात असणार." तिने आमच्या दाराकडे बघितलं, त्याच्या पलीकडे लेल्यांचं दार आहे. मग वर, छताकडे, वरच्या मजल्यावरच्यांच्या दिशेने. "कांबळेवहिनींच्या डोक्यावर होते ते स्पीकर, त्यांचं सोड. पण बाकीच्यांना..."

माझा हात कार्डाच्या मागच्या बाजूला, आवाजाच्या छोट्या चाकाकडे गेला. मी ते वाढवायला गेले. ते शेवटपर्यंत फिरवलेलंच होतं.